लॉन्ड्रीच्या गच्चीवरून ग्रहण

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. नियम एकच. मुद्द्याचं लिहायचं, रडगाणं गायचं नाही. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे अक्षर कसंही चालेल.

मुद्दे. ही तिच्या ताईकडे गेली आहे. विश्रांतीसाठी. गेली तेव्हा उन्हाळा होता. भांडण वगैरे काही झालेलं नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

माझी तब्येत ठीक. झोप ठीक. मूड ठीक. उद्यापासून पहाटे फिरायला जायचं.

२० सप्टेंबर

फिरायला गेलो नाही. बूट ओले होते. का ओले होते, कळलं नाही.

२२ सप्टेंबर, दुपारी

कामावरूनच लिहितो आहे. मी लॉन्ड्रीत सुपरवायझर. आमच्याकडे हॉटेलांच्या चादरी, उश्यांचे अभ्रे, टॉवेल येतात. दिवसभर डोळ्यांसमोर पांढरं. मोठ्या गरम रोलरवर मावशी चादर सोडतात, पलीकडून ती सपाट होऊन बाहेर येते. मावशी माझ्याहून लहान असाव्यात, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्यांना सुपरवायझर म्हणायचा कंटाळा, म्हणून मी दादा. बॉयलर सांभाळतो तो लंबू. उंची बेताची.

आज रोलरच्या कडेला हात लागला. मावशी ओरडल्या, दादा, भाजलं ना! बघितलं तर खरंच भाजलं होतं. मला विशेष काही वाटलं नाही. सहनशक्ती वाढली आहे. फिरायला न जाताही फिटनेस सुधारतोय.

२४ सप्टेंबर

महत्त्वाचा दिवस.

नखं कापायला जुना पेपर अंथरला. त्यात बातमी. अकरा ऑक्टोबर, शनिवार, खंडग्रास चंद्रग्रहण. आपल्या भागात चंद्र उगवतानाच ग्रासलेला असेल. क्षितिजाला अगदी टेकून दिसेल, तेही थोडाच वेळ. पूर्वेकडचं क्षितिज मोकळं हवं.

नखं अर्धी ठेवून विचार केला. हिला आकाशाची आवड आहे. बाल्कनीत किती तरी वेळ एकटी उभी राहायची. समोर पार्किंग सोडून दुसरं काहीच नाही, म्हणजे आकाशच बघत असणार.

प्लॅन: ग्रहणाच्या निमित्ताने हिला बोलवायचं. चांगल्या जागी उभं करून चंद्र दाखवायचा. मग घरी. विषय संपला. ती येईल, तिचे कपडे कपाटात लावेल, आणि मधल्या काळाबद्दल कुणाला काही बोलावं लागणार नाही.

मेसेज लिहिला. आधी मोठा झाला होता. काटछाट करून पाठवला तो असा: अकरा तारखेला चंद्रग्रहण आहे. व्यवस्था केली आहे. ये.

व्यवस्था अजून केलेली नाही, पण होईल.

२५ सप्टेंबर, सकाळी

उत्तर आलं. एकच शब्द. बघते.

म्हणजे येते. ग्रहण बघायला बोलावलं, ती बघते म्हणाली. यात दुसरा अर्थ निघूच शकत नाही.

बूट वाळले. आज फिरायला जाता आलं असतं, पण आनंदाच्या दिवशी घाई नको.

२८ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते, रविवारी न चुकता फोन करते. तिला म्हटलं, आई ग्रहणाला येतेय. ती म्हणाली, बाबा, आई तसं म्हणाली का? मी म्हटलं, लेखी आहे माझ्याकडे.

मग तिने तोच विषय काढला. उन्हाळ्यात हिच्या काखेत गाठ आली होती. डॉक्टरांनी तपासायला तुकडा काढला. रिपोर्ट यायला आठवडा लागला. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही आईला त्या रिपोर्टबद्दल कधी विचारलंत का? मी म्हटलं, अगं, तूच सांगितलंस ना मला, रिपोर्ट चांगला आला म्हणून. ती म्हणाली, हो, मी सांगितलं. तुम्ही विचारलं नाहीत.

तिचा मुद्दा कळला नाही. माहिती एकदा मिळाल्यावर पुन्हा कशाला विचारायचं? शिवाय त्या आठवड्यात लॉन्ड्रीत तपासणी होती. एका हॉटेलाने चादरींवर डाग निघाल्याची तक्रार केली होती. मी विचारणारच होतो. तेवढ्यात रिपोर्ट चांगला आला आणि विचारायला काही उरलंच नाही.

लेक म्हणाली, बरं, ठेवते. आवाज तिच्या आईसारखा होत चाललाय.

३० सप्टेंबर

जागा ठरली. लॉन्ड्रीची गच्ची. आसपास इतकी उंच गच्ची दुसरी नाही. साहेबांना परवानगी मागितली. ते म्हणाले, कशासाठी? म्हटलं, कर्मचाऱ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन. ते म्हणाले, दृष्टिकोन ठेवा, पण संध्याकाळच्या शिफ्टची वाफ बंद करायची नाही. त्या दिवशी टॉवेलांची मोठी गाडी आहे.

हिच्याबद्दल साहेबांना सांगितलं नाही. खासगी आणि कामाचं वेगळं ठेवावं.

१ ऑक्टोबर

भर दुपारी गच्चीवर जाऊन पाहणी. फोनमधल्या होकायंत्रावर पूर्व काढली. पूर्वेला रस्ता, दुकानांची रांग, पाण्याची उंच टाकी, मागे मोकळं आकाश. चंद्र टाकीच्या डाव्या अंगाने निघेल असं ठरवलं. टाकीच्या उजव्या अंगाला आमच्या बॉयलरच्या वाफेचा पाइप येतो, तिकडे बघायचं कारण नाही.

लंबू म्हणाला, दादा, एकदा संध्याकाळी येऊन बघा, अंधार पडल्यावर सगळं वेगळं दिसतं. पण संध्याकाळी शिफ्ट बदलते, माणसं घराकडे पळतात, टॉवेल मोजायचे राहतात. म्हटलं, दिशा दिवसा आणि रात्री तीच असते. तो काही बोलला नाही. पटलं असावं.

३ ऑक्टोबर

दुर्बीण मिळवली. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या माळ्यावर पडून होती. उजव्या बाजूने काहीच दिसत नाही. डाव्या बाजूने दिसतं, पण थोडं दुधातून बघितल्यासारखं. चंद्राला दोन डोळ्यांची गरज नसते.

रात्रीच्या जेवणाला अंडी आणि ब्रेड. कालही तेच. स्वयंपाक शिकायचा, सोमवारपासून.

५ ऑक्टोबर, रविवार

घर आवरलं. पलंगावर हिच्या बाजूला वर्तमानपत्रं, चार्जर, स्क्रू-ड्रायव्हर वगैरे साठलं होतं. सगळं माझ्या बाजूला घेतलं. मग माझ्या बाजूचं पलंगाखाली. लॉन्ड्रीतून बाद झालेली एक चांगली चादर आणली होती, ती घातली. कोपऱ्यात हॉटेलचा शिक्का आहे, पण तो पायाकडे येतो.

कपाटात तिचे कपडे आहेत तसे आहेत. मी हात लावला नाही. लावायचं काही कारणही नव्हतं. दार उघडून उभा राहिलो आणि किती वेळ उभा होतो ते कळलं नाही. मग दार लावलं.

लेकीचा फोन आला, पण मी फरशी पुसत होतो.

८ ऑक्टोबर

भाषणाची तयारी. आरशासमोर उभं राहून. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत येतात, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, वगैरे. मध्ये एक वाक्य घातलं आहे: सावली कायमची नसते. हे वाक्य हिच्याकडे न बघता म्हणायचं, पण तिला कळेल असं.

स्वयंपाक शिकायला सुरुवात नाही. गॅसचं बटण सैल झालंय.

१० ऑक्टोबर, संध्याकाळी

हिला मेसेज: उद्याची बस किती वाजता पोचते? उत्तर नाही. प्रवासाची गडबड असेल. ताईचं गाव इथून पूर्वेला बरंच लांब, बसने दिवस जातो. बहुधा पहाटे निघेल.

सगळ्या संध्याकाळच्या शिफ्टला निमंत्रण दिलं. मावशींनी विचारलं, वहिनी येणार का? म्हटलं, तिच्यासाठीच तर. हे बोलायला नको होतं. मावशींनी माझ्याकडे फार मायेने बघितलं.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी

बस स्टँडवर जाऊन आलो. त्या बाजूच्या गाड्या आल्या. पहिलीत ती नव्हती. दुसरीत नव्हती. तिसरीतून तिच्यासारखी पिशवी घेतलेली एक बाई उतरली. तिच्यामागे थोडा चाललो. मग तिने वळून बघितलं, तेव्हा मी वेळापत्रक वाचू लागलो.

निष्कर्ष: ती थेट लॉन्ड्रीवर येणार. पत्ता माहीत आहे.

त्याच दिवशी, जेवणानंतर

क्रमाने लिहितो. तटस्थपणे.

सूर्य मावळायच्या सुमारास सगळे गच्चीवर. मावशी, लंबू, पॅकिंगच्या बायका, साहेबही आले. जिन्याच्या दाराशी एक खुर्ची मोकळी ठेवली होती. तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

पूर्वेकडे धूसर होतं. आकाश आणि धूळ यांची सीमा कळत नव्हती. मी टाकीच्या डाव्या अंगाला दुर्बीण लावली. बराच वेळ काही नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. इतक्यात दिसला. बरोबर क्षितिजावर. गोल, पिवळट, खालचा डावा तुकडा काळा. अगदी पेपरात छापलं होतं तसा.

मी म्हटलं, तो बघा!

सगळे पुढे सरकले. मी भाषण सुरू केलं. पृथ्वीची सावली कशी गोल असते, ती चंद्राला कशी हळूहळू गिळते, सगळं सांगितलं. चंद्र क्षितिजावर मोठा का दिसतो, तेही सांगितलं. दुर्बीण हातोहात फिरली. पॅकिंगची एक बाई म्हणाली, हलत नाही तो. म्हटलं, हलतो, पण आपल्याला जाणवत नाही. सावली कायमची नसते हे वाक्यही म्हटलं. दाराकडे बघितलं. खुर्ची तशीच.

मग एकदम चंद्र विझला.

म्हणजे पूर्ण. एका क्षणात. मी क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, हे बघा, खग्रास. पेपरवाल्यांचा अंदाज चुकला, ग्रहण पूर्ण लागलं. साहेबांनी दोन टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे अजून कुणी तरी.

तेवढ्यात वाऱ्याने वाफ बाजूला गेली आणि मावशी म्हणाल्या, दादा, मग तो काय?

टाकीच्या उजव्या अंगाला, बराच वर चढलेला, चंद्र. स्वच्छ. पूर्ण गोल. कुठे ओरखडासुद्धा नाही. इतका वेळ आमच्याच पाइपच्या वाफेमागे होता.

मी म्हटलं, ग्रहण सुटलं. लंबू म्हणाला, एवढ्यात तिकडून इकडे आला? मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, दादा, ते टायरचं दुकान आहे. त्यांची गोल पाटी. एका बाजूची ट्यूब गेलीय. शनिवारी लवकर बंद करतात.

आधी पॅकिंगच्या बायका हसल्या. मग सगळेच. साहेब तर पाइपला हात टेकून हसले आणि त्यांना चटका बसला. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. लाज वाटायला हवी होती. शोधली, सापडली नाही. आत नुसतं सपाट, रोलरमधून काढल्यासारखं.

सगळे खाली गेले. मावशींनी खुर्ची उचलली आणि काही न विचारता घेऊन गेल्या.

घरी आल्यावर हिचा फोन आला. स्वतःहून. म्हणाली, दिसलं का? म्हटलं, छान दिसलं. तुला? ती म्हणाली, आमच्याकडे चंद्र आधी उगवतो ना, त्यामुळे चांगला वर आला होता. ताई आणि मी गच्चीवर चहा घेऊन बसलो होतो. हळूहळू सावली उतरली. शेवटी नुसती कडेला काजळाची रेघ राहिली, मग तीही गेली. इतकं शांत होतं, म्हणाली.

इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली होती, आठवत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे पूर्ण झालं. ती म्हणाली, पूर्ण नव्हतं ते, खंडग्रास होतं. मी म्हटलं, इथून पूर्ण दिसलं.

मग ती म्हणाली, जेवलात का? म्हटलं, हो. तिने ठेवला.

एकंदरीत दिवस चांगला गेला. कार्यक्रमाला उपस्थिती भरपूर. आणि फोन तिने केला, मी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

१३ ऑक्टोबर

लॉन्ड्रीत मला आता टायरदादा म्हणतात. तोंडावर नाही. पण टॉवेल मोजताना ऐकू येतं. लोकांना मोकळं वाटायला हवं, सुपरवायझरने एवढं सोसावं.

मावशी मात्र काही म्हणत नाहीत. डबा उघडून अर्धा पुढे सरकवतात. मी नाही म्हणतो, मग खातो.

१७ ऑक्टोबर

हिचा फोन. मेसेज नाही, फोन! म्हणाली, गुरुवारी येते. घरी असाल का? म्हटलं, म्हणजे काय, रजाच टाकतो.

अजून काही तरी सांगणार होती. अहो, ऐका, म्हणाली. मी म्हटलं, आता प्रत्यक्षच बोलू. माणसं यायला निघाली की जास्त विचारू नये, बिथरतात.

शेवटी प्लॅन यशस्वी. ग्रहण ज्या कामासाठी होतं ते झालं. टायरच्या दुकानाचं कुणी एवढं मनावर घेऊ नये.

२० ऑक्टोबर

तयारी. गॅसचं बटण बसवलं. बाल्कनी धुतली. लेकीला मेसेज केला, आई गुरुवारी परत येतेय. तिने लगेच फोन केला. बाबा, आईने तुम्हाला काय सांगितलं नक्की? म्हटलं, येते म्हणाली. ती म्हणाली, मी येऊ का त्या दिवशी? म्हटलं, कशाला रजा वाया घालवतेस, आई आता इथेच आहे. लेक रडल्यासारखी वाटली. आनंद झाला असणार.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी आले. साडूंच्या गाडीतून. ही, ताई आणि साडू. मी खाली धावत गेलो. ही थोडी बारीक झाली आहे. केस कापलेत, खांद्यापर्यंत. चांगले दिसतात. तसं म्हणायचं ठरवलं, पण तेवढ्यात साडूंनी डिकी उघडली.

तीन मोठ्या बॅगा. मी एकट्याने तिन्ही उचलल्या. हलक्या लागल्या. म्हटलं, वा, सामान कमी आणलंस. ताईंनी हिच्याकडे बघितलं. जिन्यात मीच बोलत होतो. बाल्कनी धुतल्याचं सांगितलं.

चहा मी केला. ताई आणि साडू बाल्कनीत जाऊन उभे राहिले. ही स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, अहो, मी राहायला आले नाहीये. मी चहा गाळत होतो. गाळून घेतला. ती म्हणाली, तिकडे एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालंय. ताईच्या वरची खोली घेतलीय. फोनवर सांगणार होते, तुम्ही ऐकलं नाहीत.

मी विचारलं, काही झालंय का? ती म्हणाली, नाही. काही झालेलं नाही. मग म्हणाली, रिपोर्ट यायचा होता त्या आठवड्यात मी रात्री दिवा चालू ठेवत होते. अंधारात भीती वाटायची. तुम्ही रोज उठून बंद करायचात.

मला वाटायचं, ती विसरते. तसं सांगितलं. ती म्हणाली, हो, ठाऊक आहे मला.

रागाने नाही म्हणाली. राग असता तर काही तरी उत्तर देता आलं असतं. साखर किती घालायची ते विचारलं. ती म्हणाली, नको, सोडलीय.

मग ती आणि ताई आत गेल्या आणि कपाट उघडलं. मी आणि साडू बाहेर बसलो. साडू म्हणाले, रस्ता आता चांगला झालाय, पूर्वी फार खड्डे होते. मी म्हटलं, हो का. आतून हँगरचे आवाज येत होते. एक, मग थांबून दुसरा. साडू म्हणाले, तुमच्याकडे ग्रहण कसं दिसलं? मी म्हटलं, दिसलं नाही. टायरच्या दुकानाची पाटी बघत होतो. ते हसले नाहीत.

निघताना ही दाराशी थांबली. माझ्या हाताकडे बघितलं, म्हणाली, कुठे भाजलं? म्हटलं, रोलरवर. दुखतं का, म्हणाली. दुखत नाही म्हणणार होतो, पण तेवढ्यात खरंच दुखायला लागलं, म्हणून काही म्हटलं नाही. तिने जरा वाट बघितली. मग चप्पल घातली.

बॅगा खाली न्यायच्या होत्या. साडूंची पाठ दुखते. मीच नेल्या. एकेक करून न्याव्या लागल्या.